आई तिरुविडैमरुदूरला, मुलं पुण्याला

वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो. आई किंवा वडील तंजावर जिल्ह्यात, मुलं पुण्यात, बंगळूरला किंवा त्याहूनही लांब. एका रात्री शेजारून फोन येतो, "अम्मांना कुंभकोणमला ॲडमिट केलंय." पुढची तारांबळ सगळीकडे सारखीच. डॉक्टर फोनवर काही सांगत नाहीत, विम्याचं कार्ड सापडत नाही, बँक पैसे काढू देत नाही आणि जो तो विचारतो, सही कोण करणार?

तिरुविडैमरुदूर मी उदाहरण म्हणून मुद्दाम घेते आहे. १७९८ मध्ये तंजावरची गादी गेल्यावर अमरसिंह राजे महालिंगस्वामींच्या या गावात येऊन राहिले आणि आपला दरबार त्यांनी इथेच भरवला. या पट्ट्यात घरात मराठी आणि दारात तमिळ बोलणारी कुटुंबं आजही आहेत. त्यांची मुलं मात्र आता गावात फारशी नाहीत. तुमचे आई-वडील सांगलीला किंवा बेळगावला असतील, तरी योजनांची नावं बदलून यातलं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू पडेल.

'मी मुलगा आहे, मी सही करतो'

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. आई शुद्धीवर असेल आणि तिला समजत असेल, तर तिच्यावरच्या उपचाराला संमती फक्त तीच देऊ शकते. तुमचं वय, शिक्षण, तुम्ही भरलेलं बिल, यातलं काहीही त्या संमतीची जागा घेत नाही. समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा फॉर्मवर 'नातेवाईक' म्हणून सही करण्यापूर्वी तो फॉर्म कशाचा आहे ते वाचा. बरेचदा ती संमती नसतेच, बिलाची हमी असते.

रुग्ण बेशुद्ध आणि जीव धोक्यात, अशी वेळ असेल तर डॉक्टरांनी कुणाच्याही सहीसाठी थांबायचं नसतं. तातडीची मदत देणं हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, हे परमानंद कटारा निकालाने १९८९ मध्येच ठरलं. "मुलगा आल्याशिवाय हात लावणार नाही" असं कुणी म्हणालं, तर शेजाऱ्यांना फोनवरून हेच सांगायला लावा.

थोडक्यात, तुमचा अधिकार तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. म्हणून आईची सही चालते आहे, तिला सगळं उमगतं आहे, तोवरच पुढचे कागद करून घ्यावेत. "इतक्यात कशाला अभद्र बोलायचं" म्हणून हे राहून जातं आणि पक्षाघाताच्या दुसऱ्या दिवशी वकील शोधायची वेळ येते.

सही चालते तोवर करायचे कागद

- डॉक्टरांसाठी पत्र. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. फोनवरचा आवाज तुमचाच, हे त्यांनी कशावरून ओळखायचं? "माझ्या आजाराची माहिती यांना द्यावी" असं आईच्या सहीचं साधं पत्र करा. त्यात दोन नावं घाला: एक तुमचं, दुसरं गावातल्या अशा माणसाचं जो अर्ध्या तासात दवाखान्यात पोहोचेल. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या.

- बँक. आईचं एटीएम कार्ड आणि पिन घेऊन पैसे काढणं नियमात बसत नाही आणि कधीतरी अंगाशी येतं. खातं संयुक्त करा आणि 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी सूचना द्या. हात थरथरतो म्हणून सही जुळत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोरचा अंगठा चालतो; त्यातला एक साक्षीदार बँकेचा अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा आदेश आहे. शाखेत जाऊन लेखी मागा, तोंडी मागितलेलं पुढे सरकत नाही.

- मुखत्यारपत्र. इथे फार लोक फसतात. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची समजशक्ती गेली की ते संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी तुम्ही ते करून ठेवलंत, नेमकं त्याच दिवशी ते निकामी होतं. वडील परदेशी मुलाकडे गेले आहेत आणि घरपट्टी भरायची आहे, अशा कामांसाठी ते ठीक आहे. कोमात गेलेल्या माणसाची मालमत्ता सांभाळायची तर उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका पत्नीला अशी परवानगी दिली, पण त्यासाठी तिला न्यायालयात जावं लागलंच. संयुक्त खातं हा त्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे.

- वैद्यकीय इच्छापत्र. बरं होण्याची आशा संपल्यावर यंत्रांवर ठेवावं की नाही, हे आई-वडिलांना स्वतः लिहून ठेवता येतं. २०१८ च्या निकालातली किचकट पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२३ रोजी सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. त्या वेळी निर्णय कोणी सांगायचा, त्यांची नावंही त्यात लिहिता येतात. भावंडांत मतभेद असतील तर हा कागद सगळ्यांत आधी करा.

घर नावावर करून देण्याचा विषय याच सुमारास निघतो. हे वाचणारे आई-वडील असतील त्यांना एक सांगते: बक्षीसपत्र करायचंच असेल, तर देखभालीची अट दस्तातच लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ वापरून हस्तांतर रद्द करून घेताना त्या अटीचा मोठा आधार होतो.

नावाचा घोळ आधी मिटवा

डॉक्टर चांगले, पैसे आहेत, विमा आहे, आणि तरीही गाडी अडते ती नावावर. तमिळनाडूत आडनाव लावत नाहीत, आद्याक्षरं लावतात. समजा वडील 'टी. आर. कृष्णाजी राव' आहेत. 'टी' गावाचा, 'आर' त्यांच्या वडिलांचा. आधारवर आद्याक्षर शेवटी गेलेलं असतं. पॅन कार्डाला आद्याक्षरं चालत नाहीत, म्हणून तिथे 'रामचंद्र राव कृष्णाजी राव'. पुण्यात वाढलेल्या मुलाच्या कागदांवर मधलं नाव कृष्णाजी आणि शेवटी घराण्याचं जुनं आडनाव, जे वडिलांच्या एकाही कागदावर नाही. आता विमा कंपनीच्या माणसाला हे बाप-लेक आहेत हे पटवून द्या!

त्यात लिपीची भर. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आणि प, फ, ब, भ यांनाही एकच. रेशन कार्डावर तमिळमध्ये लिहिलेली गंगाबाई इंग्रजीत परत येताना 'कंगाबाई' होते आणि भवानीची 'पवानी'. दवाखान्याच्या काउंटरवर नाव तोंडी सांगितलं की अशी तिसरीच आवृत्ती तयार होते.

उपाय कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही:

1. आधारवरचं नाव मूळ धरा. बँक, पॅन, पेन्शन आणि विम्याची पॉलिसी एकेक करून त्याला जुळवून घ्या.
2. जुने कागद बदलता येत नसतील, तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. नातं सिद्ध करायला तुमचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला सोबत ठेवा.
3. ॲडमिट करताना नाव सांगू नका, आधारची झेरॉक्स द्या. मनगटावरच्या पट्टीवर काय छापलंय ते लगेच वाचा.
4. डिस्चार्ज समरीतलं नाव आणि वय दवाखाना सोडण्यापूर्वी तपासा. नंतरच्या दुरुस्तीला खूप वेळ जातो.

डबा रिकामा करा, फाइल भरा

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आईचा औषधांचा डबा अंथरुणावर ओता. बहुधा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असेल. त्यात दोन-दोन गोळ्यांचे कापलेले तुकडे निघतील, ज्यांवरचं नाव आणि मुदतीची तारीख कात्रीबरोबर गेली आहे. रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी सापडेल, म्हणजे ती दोनदा घेतली जात असण्याची शक्यता आहे. गुडघेदुखीची गोळी असेल, जी कुठल्याच डॉक्टरने लिहिलेली नाही. हा सगळा ढीग नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि एक यादी त्यांच्याकडून तपासून घ्या: औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी. सिद्ध किंवा आयुर्वेदिक काढे चालू असतील तर तेही लिहा. लोक ते सांगत नाहीत आणि मग रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी त्यांचं जमत नाही.

फाइलमध्ये वरच एक पान ठेवा: आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, ॲलर्जी, औषधांची यादी, दोन फोन नंबर. त्यामागे ताजे रिपोर्ट, जुन्या डिस्चार्ज समऱ्या, आधार, विमा आणि डॉक्टरांसाठीचं पत्र. या पानाचा फोटो शेजाऱ्यांच्या फोनमध्येही असू द्या.

केसपेपर मागितला की आपल्याकडे डॉक्टरवर अविश्वास दाखवल्यासारखं मानतात. त्याच तंजावरात सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालात दोनशे वर्षांपूर्वी डोळ्यांच्या रुग्णांचे केसपेपर चित्रांसकट ठेवले जात होते. त्यातले काही आजही वाचता येतात. तुम्हालाही तो हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

रात्री फोन आला तर

तिथल्या माणसाने १०८ लावायचा, तुम्हाला फोन नंतर. तिरुविडैमरुदूरहून कुंभकोणम आठ-नऊ किलोमीटर. तंजावरात वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे जिल्ह्याचं मुख्यालय रुग्णालय कुंभकोणमला आहे, हे बाहेरून येणाऱ्याला ठाऊक नसतं. मोठी गुंतागुंत असेल तर तंजावरचं वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय, म्हणजे कुंभकोणमपासून पुढे जवळपास ४० किलोमीटर.

तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, असं असेल तर पहिला प्रश्न एकच: तिथे आत्ता सीटी स्कॅन होतो का? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ओळखीचा दवाखाना म्हणून स्कॅन नसलेल्या ठिकाणी नेलं तर हा वेळ वाटेतच जातो. जवळच्या दोन ठिकाणी काय सोय आहे, हे आजच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.

डॉक्टरांशी बोलताना

घरातून एकानेच बोलायचं. थोरल्याने एकदा, धाकटीने दुपारी आणि अमेरिकेतल्या मेहुण्याने रात्री विचारलं, की तिसऱ्या वेळेला डॉक्टर तुटक बोलणारच, आणि त्यात त्यांची चूक नाही. राउंडची वेळ विचारून घ्या. तेव्हा गावातला माणूस खाटेजवळ हजर हवा आणि तुम्ही त्याच्या फोनवर. प्रश्न आधी लिहून ठेवा:

- निदान पक्कं झालंय की अजून शंका आहे?
- ही तपासणी केल्याने उपचार बदलणार आहेत का?
- आज काही केलं नाही तर काय होईल?
- दुसरा पर्याय कोणता, आणि साधारण खर्च किती?
- घरी नेल्यावर आईला स्वतः चालता, जेवता येईल का?

शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि पुढची सगळी व्यवस्था त्याच्या उत्तरावर ठरते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी कागद मागताना ओशाळू नका.

महाराष्ट्रातून गेलेल्या सुनांना, जावयांना निदान इतकी तमिळ यावी: नेंजु वलि म्हणजे छातीत दुखणं, मूच्चु तिणरल म्हणजे धाप लागणं. 'मयक्कम' हा शब्द जपून वापरा. नुसती चक्कर आली की शुद्ध हरपली, हे त्यावरून कळत नाही, म्हणून काय झालं ते पुढे फोडून सांगा. आणि आईला काय होतंय ते आईलाच सांगू द्या. म्हातारपणी परक्या माणसासमोर मुलाने आपल्या लघवीबद्दल बोलावं, हे कुणालाच आवडत नाही.

पैसे कुठून

सरकारी रुग्णालयातला उपचार मोफत आहे, हे आधी लक्षात घ्या. मध्यमवर्ग तो पर्याय विचारातही घेत नाही. वैद्यकीय महाविद्यालयातले विशेषज्ञ चांगले असतात; अडचण गर्दीची आणि सोबत राहणाऱ्या माणसाची असते.

तमिळनाडूच्या मुख्यमंत्री सर्वंकष आरोग्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत असावं लागतं. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नोंदणी केंद्रात जायचं. चौकशीला १८०० ४२५ ३९९३. सत्तर पूर्ण झालेल्यांसाठी उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू केलं आहे. ते घेऊन जाण्यापूर्वी त्याच रुग्णालयातल्या योजनेच्या टेबलावर ते तिथे, त्या आजाराला चालेल का, हे विचारा. वडील रेल्वेतून निवृत्त असतील तर तिरुचीजवळचं पोन्मलैचं रेल्वे रुग्णालय विसरू नका.

इथे एक सापळा आहे. "आईला आता पुण्यालाच आणतो" म्हणत मुलं घाईने आधारचा पत्ता बदलतात आणि तिकडच्या रेशन कार्डातून नाव काढतात. त्याबरोबर तमिळनाडूची योजना हातची जाते. महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेसाठी इथलं रेशन कार्ड किंवा अधिवास लागतो, तो लगेच होत नाही. मग तीन महिन्यांत आई म्हणते, मला माझ्या घरी सोड. निदान सहा महिने ती पुण्यात रमते का ते पाहा, पत्ता मग बदला.

खासगी विमा असेल तर विमा नियामकाच्या २०२४ च्या आदेशातल्या दोन वेळा पाठ करा: कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय, आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि दवाखान्याने जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने भरायचे. पॉलिसी घेताना आईचा मधुमेह लपवू नका. पाच वर्षं सलग पॉलिसी चालल्यावर लबाडी सिद्ध केल्याशिवाय कंपनीला जुन्या आजाराचं कारण पुढे करता येत नाही, पण त्याआधी येतं.

घरी आणताना

डिस्चार्ज समरी, सगळे रिपोर्ट, स्कॅनची सीडी, तपशीलवार बिल, औषधांची बिलं आणि पुढच्या तपासणीची तारीख हातात आल्याशिवाय रिक्षा बोलावू नका. बिलाच्या वादावरून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही; राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत तसं लिहिलेलं आहे. "डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहे" या फॉर्मवर मात्र विचार करून सही करा. दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं असेल, तर 'पुढील उपचारासाठी पाठवले' असं लिहून मागा. नाहीतर विम्याचा दावा अडतो.

मक्कळै तेडि मरुत्तुवम ही राज्य सरकारची योजना ५ ऑगस्ट २०२१ पासून चालू आहे. तिच्यातून रक्तदाब-मधुमेहाची औषधं घरपोच मिळतात आणि अंथरुणाला खिळलेल्यांना फिजिओथेरपी, वेदनाशामक सेवाही घरी मिळते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आईचं नाव नोंदवा. पक्षाघाताने हात-पाय अधू झाला असेल किंवा पार्किन्सन असेल, तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा; २०१६ च्या कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे.

बाई ठेवणार असाल तर तोंडी व्यवहार नको. तिचं आधार, पगार, सुट्टी, रात्री जागायचं की नाही, हे कागदावर घ्या. कामाची यादी भिंतीवर लावा, आणि त्यात पहिली ओळ दर दोन तासांनी कूस बदलण्याची. शय्याव्रण एकदा झालं की ते भरून यायला आजारापेक्षा जास्त वेळ घेतं. पगार तुम्हीच खात्यात पाठवा. आईच्या हातून रोख गेली की उचल सुरू होते.

बिनसलं तर कुठे जायचं

आधी दवाखान्याच्या व्यवस्थापनाला लेखी कळवा. विम्याची तक्रार कंपनीकडे ३० दिवसांत सुटली नाही, तर चेन्नईच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. डॉक्टरच्या गैरवर्तनासाठी तमिळनाडू वैद्यक परिषद आहे. हलगर्जीपणाच्या भरपाईसाठी ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दावा लावता येतो, त्यामुळे बिल तुम्ही भरलं असेल तर तारखांसाठी कुंभकोणमला हेलपाटे घालायची गरज नाही. पूर्ण मोफत सरकारी उपचार या कायद्यात येत नाही.

आई-वडिलांची आबाळ होत असेल, कुणी घराबाहेर काढत असेल किंवा पोटगी देत नसेल, तर २००७ च्या कायद्याखालचं न्यायाधिकरण कुंभकोणमच्या महसूल विभागीय अधिकाऱ्यांकडे आहे. अर्ज आई-वडील स्वतः देऊ शकतात किंवा त्यांनी नेमलेला माणूस देऊ शकतो. हे कार्यालय कुठे आहे हेही माहीत नसेल, तर ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि फोन लांबच्या गावातून केला तरी चालतो.